कानाचे दुसरे काम

हुबळीच्या गोकुळ रोडवर राहणाऱ्यांस आवाज म्हणजे काय ते सांगावयास नको. बसस्थानकात शिरणाऱ्या व तेथून बाहेर पडणाऱ्या गाड्या, औद्योगिक वसाहतीकडे वळणारे मालट्रक, रिक्षांचे कर्णे आणि मधूनच डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारे विमान, असा हा रस्ता पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बोलत असतो. माझे घर त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडकी लावून घेतल्यावाचून आमच्याकडे रेडिओवरील बातम्या नीट ऐकू येत नाहीत. याच रस्त्यावर माझा एक विद्यार्थी राहतो. रात्री निजण्यापूर्वी तो कानामागचे यंत्र काढून डबीत ठेवतो, आणि मग त्याच्यापुरता हा सगळा रस्ता मुका होतो. आज मी जे सांगणार आहे ते या मुलामुळे मला शिकावे लागले. त्याच्या आईवडिलांची संमती घेऊन मी बोलत आहे. नाव मात्र सांगणार नाही. मी डॉक्टर नव्हे, शाळेतील बाई आहे. जेथे माझे ज्ञान संपते तेथे मी थांबेन.

हा मुलगा जन्मतः बहिरा. तिसऱ्या वर्षी त्याला मुंबईस नेऊन त्याच्या उजव्या कानावर 'कॉक्लिअर इम्प्लांट'ची शस्त्रक्रिया करविली. पहिलीच्या वर्गात तो माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी वर्गाच्या पत्र्यावर थेंब वाजू लागले, तेव्हा त्याने पाटीवरून मान वर केली आणि म्हटले, "बाई, पाऊस!" खिडकीकडे त्याची पाठ होती. बहिऱ्या मुलाने पाहण्यापूर्वी ऐकून पाऊस ओळखावा, याचे मला इतके नवल वाटले की त्या दिवशी भेटेल त्याला मी सांगत सुटले, मुलगा पूर्ण बरा झाला.

हे दोन शब्द मी फार घाईने उच्चारले.

आमच्या शाळेत प्रार्थना डोळे मिटून म्हणावयाची असा नियम आहे. हा मुलगा डोळे मिटत नसे. दोनतीनदा सांगितले, मग दटावले. एकदा मी मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटले, "मीट डोळे." त्याने मिटले, आणि वाऱ्याने ज्वारीचे ताट हलावे तसा तो हलू लागला. दोन क्षणांत डोळे उघडून त्याने शेजारच्या मुलाचा खांदा धरला. मुले हसली. मला वाटले, सोंग करतो आहे. कवायतीत एका पायावर उभे राहावयाचे आले की तो हटकून पडे. मी त्यास धांदरट म्हटले आणि शेवटच्या रांगेत उभे केले. पुढे स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी ऐन कार्यक्रमात वीज गेली. इतर मुले आनंदाने ओरडली. हा मात्र व्यासपीठाच्या पायरीवरून तोंडावर आपटला, पुढचा दात तुटला. वीज आली तेव्हा तो रडत नव्हता. दोन्ही तळहात जमिनीवर दाबून, जणू जमीनच हलते आहे अशा रीतीने, तो बसला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. वरच्या वर्गांना मी विज्ञान शिकविते. कान हे ऐकण्याचे इंद्रिय, असे दरवर्षी फळ्यावर लिहून देत आले. आणि त्याच धड्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांची आकृती, परीक्षेत सहसा विचारीत नाहीत म्हणून, भराभर पुढे नेत आले. ती आकृती त्या रात्री मी पुन्हा उघडली.

बाहेरून दिसतो तो कान म्हणजे नुसता दरवाजा. खरा कान कवटीच्या अतिशय कठीण हाडात, आत खोल दडलेला असतो. तेथे एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे नांदतात असे समजा. पुढच्या बिऱ्हाडाचे नाव कर्णावर्त, म्हणजेच कॉक्लिया. ही गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी आहे, आणि तिचे काम ऐकण्याचे. मागच्या बिऱ्हाडात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्या तीन निरनिराळ्या दिशांना अशा बसविलेल्या आहेत की मान कोणीकडेही वळली तरी निदान एकीतील द्रव हलतोच. दोहोंच्या मध्ये, जणू माजघरात, दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. त्यांत चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असून आपण सरळ उभे आहो की कललेलो, गाडी पुढे निघाली की थांबली, हे त्या खड्यांच्या भाराने कळते. बिऱ्हाडे दोन असली तरी आड एकच: आतील द्रव एकमेकांशी जोडलेला आहे, आणि दोन्हींकडची वार्ता मेंदूकडे नेणारी चेताही एकाच जुडग्यातून जाते.

हे दुसरे काम आपल्या ध्यानात येत नाही, कारण ते निरोगी असताना काही जाणवतच नाही. पाच इंद्रिये मोजताना त्याला कोणी मोजीत नाही. परंतु श्रोतेहो, एक प्रयोग आता बसल्या जागी करून पाहा. आपला तळहात डोळ्यांपुढे धरा आणि डावीउजवीकडे भराभर हलवा. तळहातावरील रेषा पुसट होतात. आता तळहात स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगाने मान हलवा, नकार देताना हलवितो तशी. रेषा स्पष्ट दिसतात! हलणे तेवढेच, मग हा फरक का? कारण मान हलताच कानातील नलिका डोळ्यांस आज्ञा देतात आणि डोळे तेवढेच उलट दिशेस वळून दृश्य जागच्या जागी धरून ठेवतात. डोळ्यांना स्थिर ठेवणारा हा कान आहे.

तो नसला तर काय होते, याचे वर्णन एका डॉक्टरानेच करून ठेवले आहे. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवे होते. ते घेतल्याने या अमेरिकन डॉक्टराच्या दोन्ही कानांतील तोल सांभाळणारी यंत्रणा नष्ट झाली. १९५२ साली त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात आपली हकीकत केवळ 'जे. सी.' एवढ्या आद्याक्षरांनी प्रसिद्ध केली. आजाराच्या आरंभी अंथरुणावर पडून वाचताना हृदयाच्या ठोक्यांनी डोके जेवढे हले तेवढ्यानेही त्यांना अक्षरे उड्या मारताना दिसत. पुढे ते चालूफिरू लागले. पण चालता चालता समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नसे, पाटी वाचावयाची तर थांबावे लागे. मी हे वाचले आणि मला गोकुळ रोडच्या पाट्या आठवल्या. माझा विद्यार्थी शाळेतून जाताना दुकानाची पाटी वाचण्यासाठी रस्त्यात मध्येच उभा राहतो, आणि आई त्याला "रेंगाळू नकोस" म्हणून ओढते. तिला तरी कोणी सांगितले होते?

या विषयाच्या संशोधनास १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे, हेही मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत आणि रुग्ण चक्कर येते म्हणून कुरकुरत. पाणी गार असले की डोळे एका दिशेस झटके देतात, ऊन असले की विरुद्ध दिशेस, असे त्यांनी टिपले. यातून कोणत्या कानाची तोलयंत्रणा जिवंत आहे व कोणत्या कानाची मेली आहे हे पाहण्याची साधी परीक्षा निघाली. ती आजही करतात. पारितोषिकाची बातमी आली तेव्हा बारानी रशियनांच्या कैदेत युद्धकैदी होते.

आता इम्प्लांटकडे वळू. कानात वीज सोडून आवाज ऐकू येतो का, हे पाहण्याचा मोह जुना आहे. विजेची बॅटरी शोधणाऱ्या व्होल्टाने सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्याच दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून प्रवाह सोडला. त्याला डोक्यात धक्का बसला आणि दाट काही रटरट शिजावे असा आवाज ऐकू आला. प्रयोग पुन्हा करण्याचे त्याला धाडस झाले नाही. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरिएस या दोघांनी एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणचेतेशी विजेची तार जोडली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसचे डॉ. विल्यम हाउस यांनी कर्णावर्तात तार घातली. मात्र एका तारेने आवाज आहे की नाही एवढेच कळे, शब्द कळत नसे. अनेक तारांची जोडणी व्हिएन्नात होखमायर दांपत्याने १९७७ साली आणि मेलबर्नमध्ये डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली केली.

क्लार्क यांचे वडील बहिरे होते. मुलाला या ध्यासामागे वेगळे कारण शोधावयास नको. अडीच वेढ्यांच्या नळीत तारांचा जुडगा आत ढकलावा कसा, या विचाराने ते बेचैन होते. समुद्रकिनाऱ्यावर सुटीस गेले असताना एका शंखात ते गवताची पाती घालून पाहत बसले. ज्या पात्याचा शेंडा लवचिक आणि बुंधा ताठर, ते वळत वळत पुष्कळ आत गेले. तसाच जुडगा त्यांनी करविला. प्रयोगशाळेतील यंत्रांपेक्षा वाळूत बसून केलेला हा उद्योग मला अधिक आवडतो. आमच्या मुलांना मी तो नेहमी सांगते.

आजचे यंत्र दोन भागांचे असते. कानामागे लावावयाच्या बाहेरच्या भागात ध्वनिग्राहक व लहानसा संगणक असतो. त्याची चकती लोहचुंबकाने डोक्याच्या कातडीस चिकटते. कातडीच्या आत दुसरा भाग बसविलेला असतो व त्यापासून निघालेली केसासारख्या तारांची नाजूक दोरी कर्णावर्तात गेलेली असते. निरोगी कानात ध्वनीचे विजेत रूपांतर करणाऱ्या आतल्या रांगेतील केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात. त्यांचे काम येथे फार तर बावीस विद्युदग्रांनी करावयाचे. बावीस सुरांच्या पेटीवर साडेतीन हजार सुरांचे गाणे वाजवावयाचे म्हणा ना! त्यामुळे मोठेपणी कान गेलेल्या माणसांना प्रथम शिट्ट्या, घरघर किंवा यंत्रमानवाचे बोलणे ऐकल्यासारखे वाटते. महिन्यामहिन्यांनी मेंदू त्यातून ओळखीचे शब्द वेगळे काढू लागतो. गाण्यातील स्वरांचा चढउतार मात्र बहुतेकांना शेवटपर्यंत अवघडच जातो. जन्मतः बहिऱ्या मुलाला तुलनेस दुसरे काही नसते. त्याच्यापुरता तोच आवाज. अट एवढीच की वेळ गमावता कामा नये: पहिल्या तीनसाडेतीन वर्षांत मेंदूचा श्रवणाचा प्रदेश ध्वनीची वाट पाहत असतो, पुढे तो हळूहळू इतर कामांस जुंपला जातो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल बोलू लागते, हा समज मात्र सोडावयास हवा. यंत्र सुरू करतात तेच मुळी जखम भरल्यावर काही आठवड्यांनी. त्यानंतर वर्षानुवर्षे ऐकण्याची व बोलण्याची तालीम. या मुलाच्या आईने पाण्याचा तांब्या, दाराची कडी, कुकरची शिट्टी, एकेक आवाज त्याला बोट दाखवून शिकविला. घरी मराठी, रस्त्यावर कानडी, शाळेत इंग्रजी. कोणत्या भाषेत शिकवावे, असा तिला प्रश्न पडला होता. कोणीतरी घरची भाषा सोडून द्यावयास सांगितले. तिने ऐकले नाही, हे बरे केले, कारण ज्या भाषेत आई रागावते आणि लाड करते तीच मुलाच्या कानावर दिवसभर पडते. खुणांची भाषाही अनेक जण तोडून टाकावयास सांगतात. बॅटरी संपल्यावर, न्हाणीघरात, रात्रीच्या अंधारात यंत्र नसताना मुलाशी काय बोलणार, हे त्यांनी सांगावे. शिवाय यंत्र जुने होते. काही वर्षांनी बाहेरचा भाग नवा घ्यावयाचा तर पुन्हा लाखांच्या गोष्टी येतात, आणि पहिल्या वेळी धावून आलेले हात दुसऱ्या वेळी येतीलच असे नाही.

तर असा हा पुढच्या बिऱ्हाडाचा जीर्णोद्धार. परंतु शल्यविशारद हाडास छिद्र पाडून तार आत सरकवितात ती त्याच वाड्यात, आणि माजघरातील त्या दोन पिशव्यांपैकी एक कर्णावर्ताच्या अगदी उंबरठ्याशी आहे. तारेचा स्पर्श, आतील द्रवाच्या दाबातील बदल, नंतरची सूज, यांचा परिणाम शेजाऱ्यावर होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गरगरणे हे पुष्कळांच्या बाबतीत घडते व बहुधा आपोआप शमते. वयस्कांना अधिक दिवस लागतात. मात्र काहींच्या बाबतीत त्या कानाची तोल सांभाळण्याची शक्ती कायमची कमी होते आणि क्वचित पार नाहीशी होते. सर्वांत अधिक धोका उंबरठ्याजवळच्या त्या पिशवीस असतो. हल्ली तारा पूर्वीपेक्षा बारीक व मऊ झाल्या आहेत आणि कानातील 'गोल खिडकी' नावाच्या नैसर्गिक पडद्यातून त्या हलक्या हाताने घालतात. त्यामुळे धोका उतरला आहे, संपलेला नाही. एका कानाचे गेले तरी दुसरा कान, डोळे व पावले मिळून तूट भरून काढतात, मूल तर इतक्या लवकर भरून काढते की घरच्यांना पत्ताही लागत नाही. दिवे जाईपर्यंत.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळा दोष इम्प्लांटच्या माथी मारणे चुकीचे होईल. ज्या कारणाने पुढचे बिऱ्हाड उजाड झाले, त्याच कारणाने अनेक मुलांत मागचेही आधीच पडके असते. मग ते आनुवंशिक दोष असो, मेंदूज्वर असो, की कानास विषारी ठरणारे एखादे औषध असो. अशी मुले मान उशिरा धरतात, बसतात उशिरा, दीड वर्ष उलटले तरी पाऊल टाकीत नाहीत. आजी म्हणते, अंगाने जड आहे, चालेल हळूहळू. माझ्या विद्यार्थ्याचेही असेच झाले होते, हे त्याच्या आईने मला दात तुटल्यावर सांगितले. तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते. म्हणजे उजव्या कानाचा तोल शस्त्रक्रियेने गेला की जन्मतःच नव्हता, हे आता कोणी सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी परीक्षाच झाली नाही. जे मूल बहिरे आहे, चालावयास फार उशिरा लागले आहे आणि पुढे संध्याकाळी अडखळू लागते, त्याचे डोळेही विनाविलंब दाखविले पाहिजेत; बहिरेपणा, तोलाचा अभाव आणि रातांधळेपणा एकत्र येणारा एक आनुवंशिक विकार आहे. नात्यातील विवाह आमच्या या भागात अजून होतात, म्हणून मुद्दाम सांगते.

इम्प्लांटने तोलास मदतही होते, हे ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. कॅनडात टोरोंटोच्या बालरुग्णालयात डॉ. शेरॉन कुशिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला आहे. यंत्र सुरू असताना काही मुलांचा तोल किंचित सुधारतो, असे त्यांना आढळले. अंधारात घड्याळाची टिकटिक कोणत्या बाजूस आहे हे कळले तर आपणही अधिक सरळ चालतो, तसाच हा प्रकार असावा असे मला वाटते. याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखविली: ज्यांचा तोल दोन्ही बाजूंनी गेलेला आहे अशा मुलांचे इम्प्लांट नादुरुस्त होण्याचे प्रमाण अधिक असते. मुले पडतात, डोके आपटते, आतील यंत्र बिघडते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया येते. म्हणजे तोल हा निराळा विषय नव्हे. ज्या श्रवणासाठी आईबाप घरदार गहाण टाकतात ते श्रवणही त्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची परंपरा शतकाहून जुनी आहे. मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० नंतरच्या दशकात मूकबधिरांची शाळा काढली. ती भारतातील या प्रकारची पहिली मानली जाते. आम्हा ख्रिस्ती शिक्षकांना तिचा थोडा अभिमान वाटतो, तो श्रोत्यांनी चालवून घ्यावा. वांद्रे येथे १९८३ साली अलि यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि केंद्र सरकारच्या साहाय्य योजनेतून मुलांस इम्प्लांट देण्याचे काम तिच्या देखरेखीखाली चालते. आमच्या कर्नाटकात म्हैसूरला वाचा व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था आहे. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी या शस्त्रक्रियेत मोठे नाव मिळविले. २०१४ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. आपल्याकडे कुशलता नाही असे म्हणण्यास जागा नाही. परंतु सरकारी साहाय्य सहसा एकाच कानास मिळते. आणि कान एकच निवडावयाचा तर कोणता, या प्रश्नात तोलाचा हिशेब आला नाही तर तो प्रश्न अर्धाच विचारल्यासारखा होतो. ज्या कानाचा तोल आधीच दुबळा आहे तो कान शस्त्रक्रियेस निवडावा, शाबूत आहे तो राखावा, असा विचार अलीकडे अनेक डॉक्टर करतात. श्रवणाच्या इतर गोष्टी सारख्या असतील तरच अर्थात.

पाण्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खेड्यातील मुले विहिरीत, शेततळ्यात उड्या घेतात. आपण पाण्याखाली डोळे मिटले तरी वर कोणीकडे हे कान सांगतो. ज्याचे दोन्ही तोल गेलेले आहेत त्यास गढूळ पाण्यात वर आणि खाली यांतील फरक कळत नाही. पायाखाली जमीन नाही, डोळ्यांस दिसत नाही, आणि बाहेरचे यंत्र काठावर काढून ठेवलेले असल्यामुळे कोणी मारलेली हाकही ऐकू येत नाही. चांगले पोहता येणारे मूलदेखील तळाकडे सूर मारीत जाईल. असे मूल पाण्यात असेल तेव्हा मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर पाण्यातच असावे, काठावर उभे राहून भागणार नाही. घरी रात्रीचा लहान दिवा, जिन्यास कठडा, सायकल शिकताना डोक्यावर शिरस्त्राण, या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत. तोल सुधारण्याचे व्यायामही असतात. फळीवर चालणे, उशीवर उभे राहून चेंडू झेलणे, असल्या खेळांनी डोळे व पाय गेलेल्या इंद्रियाचे काम थोडे थोडे उचलतात. आमच्या कवायतीच्या तासाला शेवटच्या रांगेतल्या मुलास आता मी पहिल्या रांगेत, भिंतीशेजारी घेतले आहे. तो एका पायावर चार आकडे मोजून होईपर्यंत उभा राहतो. गेल्या वर्षी दोनपर्यंत मोजणे होत नसे.

आता या कुटुंबापुढचा प्रश्न. नातेवाइकांनी पैसे जमविले आहेत आणि डाव्या कानालाही इम्प्लांट करावे असे आईच्या मनात आहे. या वेळी मात्र आधी तोलाची परीक्षा झाली. गार व ऊन पाण्याची ती जुनी परीक्षा, आणि मान झटक्याने वळवून डोळे कसे फिरतात ते कॅमेऱ्याने टिपण्याची नवीही. उत्तर असे आले: उजवा कान तोलाच्या बाबतीत अगदी निपचित आहे, डाव्या कानात थोडा जीव आहे. म्हणजे हा मुलगा आज जो काही चालतो, धावतो, जिना उतरतो, तो या ऐकू न येणाऱ्या कानाच्या आधारावर.

आई म्हणते, "बाई, एका कानाने कर्णा वाजला हे त्याला कळते, पण कोणत्या बाजूने वाजला हे कळत नाही. या रस्त्यावर तेवढे न कळणे म्हणजे काय, तुम्हीच सांगा." तिचे खरे आहे. आवाजाची दिशा दोन कान मिळून ठरवितात, एका कानाचे ते काम नव्हे. गोंगाटात बोलणे वेगळे काढावयासही दोन कान लागतात, आणि वर्गात साठ मुले आहेत. वडील म्हणतात, "आहे तो थोडा तोलही गेला तर दिवे गेल्यावर हा उभा तरी राहील काय?" त्यांचेही खरे आहे. शल्यविशारदांनी प्रामाणिकपणे सांगितले की डावा तोल वाचण्याची शक्यता बरीच आहे, पण हमी देता येत नाही. थांबून राहावे तर वय वाढते आणि न वापरलेला कान दरवर्षी अधिक आळशी होतो. वडिलांनी मला विचारले, "बाई, तुमचा मुलगा असता तर?" मी उत्तर देऊ शकले नाही. दोन दिवस विचार करूनही देऊ शकले नाही, हे त्यांना जाऊन सांगितले.

दिवाळीच्या सुटीपूर्वी त्यांना रुग्णालयास कळवावयाचे आहे. शाळेत तोवर एवढा बदल झाला आहे की प्रार्थनेच्या वेळी त्याने डोळे उघडे ठेवावेत. तो एकटाच तसा उभा दिसू नये म्हणून माझेही उघडेच असतात.